मधली दुपार

हौसाचा डोळा लागतोय आणि लागत नाही. बाहेर चैत्राचं ऊन असं आहे की कुत्रंही सावली सोडायला तयार नाही. माणदेशातल्या तिच्या वाडीत या वेळेला सगळेच आडवे होतात. हौसाला मात्र झोपायचं नाही, तिला ठरवायचं आहे. दिवस मावळायच्या आत सासूला सांगायचं आहे, हो की नाही.

प्रश्न पाटाचा आहे, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाचा. नवरा केरबा बरमाच्या लढाईत गेला, त्याला आता दुसरा उन्हाळा. त्याच्याच पलटणीतला, शेजारच्या वाडीचा शिदू जिवंत परत आला. केरबा गेल्याची हकिकत त्यानंच आणली आणि आता हौसाशी पाट लावून द्या म्हणून तोच विचारतो आहे. सासू तयार आहे, भावकी तयार आहे. सासू म्हणते, "माजा ल्योक न्हाई आला, त्येच्या खांद्याला खांदा लावल्याला तरी आला." अडून बसली आहे ती हौसाच, कारण शिदूच्या हकिकतीत एक दुपार गहाळ आहे. सकाळी केरबाला ताप चढला, संध्याकाळी त्याला मातीआड केलं. मधे काय झालं? तिथवर आला की शिदू तंबाखू मळायला घेतो. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात, हौसा तर पाणीही फुंकून पिणारी. मधली दुपार कळल्याशिवाय त्या माणसाच्या नावानं बांगड्या कशा भरायच्या?

"कडी लावली व्हती मी," ती झोपेच्या काठावरून पुटपुटते.

"लावल्यालीच हाय," केरबा म्हणतो.

तो चुलीपाशी उकिडवा बसला आहे. अंगात खाकी कपडे, ओले गच्च, आणि त्यांतून गळणाऱ्या पाण्यानं कालचं सारवण भिजतं आहे. हौसाला आधी आनंद व्हायला हवा, पण तिला आधी संशय येतो. माहेरी तिला फौजदारीण म्हणायचे ते काही उगीच नाही. परमुलखात गाडलेला माणूस भर दुपारी घरात येऊन बसला तर आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते बघावं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

"पाय दावा," ती म्हणते.

"बुटात हाईत."

"मग काडा बूट."

तो मुकाट्यानं बंद सोडतो. बूट निघतो, मोजा निघतो आणि मोज्याबरोबर तळव्याची पांढरी, भिजून मऊ झालेली कातडीही निघते. पाय सरळ आहेत, टाचा मागं नि बोटं पुढं. हौसा नीट वाकून खात्री करून घेते. मग तिला भडभडून येतं, आणि मग पुन्हा संशय येतो.

"पायाचं ह्ये काय झालं?"

"पाऊस. तिकडं त्यो थांबतच न्हाई. कैक दिस बूट काडाया मिळाला न्हाई."

"अन् अंग पिवळं कशानं?"

"हिवतापाच्या गोळ्या. समदी पलटण हळद लागल्यावानी दिसायची. नवरदेव पायलीचे पंधरा, अन् नवरी एक न्हाई." तो हसतो. हसणं त्याचंच आहे, डाव्या गालापासून सुरू होणारं.

पण हसण्याची नक्कल करणारे जत्रेत काय कमी असतात? "तुमी त्येच असाल तर सांगा," ती म्हणते, "लगीन झाल्या साली माळ्यावर मला काय खाऊ घातलंवतं?"

"हुरडा."

हुरडा कोण घालत नाही? हे तर शिदूसुद्धा सांगेल. "तुमाला शिदूभावजींनी धाडलं का?" ती सरळच विचारते.

"त्यो कशाला धाडंल? त्यो तर माज्यापास्नं तोंड लपवत फिरतुया."

हे ऐकून हौसा कान टवकारते. तोंड लपवतो म्हणजे चोराच्या मनात चांदणं. ती पाणी आणायला म्हणून उठते, उंबरा ओलांडते आणि रानातल्या, पाखरं राखायच्या माळ्यावर चढते. चहूबाजूंनी त्यांचा जोंधळा आहे. केरबा आधीच वर बसला आहे, हातात गोफण. जोंधळा यंदा फार वाढला आहे, ताटं मनगटाएवढी, मग दंडाएवढी जाड. वर बघितलं तर कणसं नाहीत, बांबूची पानं आहेत आणि त्यांतून पाणी टपकतं आहे. पाण्याबरोबर तिच्या मानेवर काहीतरी मऊ पडतं आणि चिकटतं.

"जळू हाय. वडू नगंस, तोंड आत ऱ्हातं," केरबा म्हणतो आणि तंबाखूची चिमूट लावून ती सोडवतो.

"ह्ये आपलं रान न्हाई."

"न्हाई कसं? बग की पाखरं किती उतरल्याती."

माळ्याखाली एक खेचर उभं आहे. ते मान ताणतं, जबडा वासतं, पोट आत घेतं, पण आवाज म्हणून येत नाही. हौसाला ते बघवत नाही.

"त्येला काय झालंय?"

"वराडू ने म्हून डाक्टरनं त्येच्या नरड्यातलं काय ते कापलंय. रानात आवाज झाला की जपानी येतो. चूल पेटवायची न्हाई, खोकायचं न्हाई, वरनं इमानातनं पडल्यालं तांदूळ कच्चंच चावायचं."

"जनावराचं कापलं," हौसा सावकाश म्हणते. "आन् माणसाचं वो? तापात बडबडणाऱ्या माणसाचं काय करत व्हता?"

केरबा गोफणीची दोरी बोटाला गुंडाळतो, सोडतो.

"मला सांज व्हायच्या आत सांगायचंय," ती म्हणते. "त्येच्यासंगं संसार करायचा का न्हाई. तुमी तापानं गेलात का त्येनं घालवलं? एवडं एक सांगा आन् जावा. मी किती रडले, त्ये तुमाला ठावं न्हाई."

"मला कसं कळंल, हौसे? मी हितंच व्हतो की. पाखरं राखत व्हतो." तो खरं सांगतो आहे, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळतं आणि त्यानंच ती घाबरते. "त्ये बग. डुकरं शिरली जोंधळ्यात."

गवताची एक रेघ हलते आहे, वाकते आहे, माळ्याकडे येते आहे. केरबा उठतो, गोफणीत दगड घालतो आणि छाती भरून घेतो, आरोळी ठोकायला. हौसाला वरून दिसतं. ती डुकरं नाहीत, टोप्यांना पानं बांधलेली माणसं आहेत आणि त्यांच्या हातांत बंदुका आहेत. ओरडू नका, असं तिला म्हणायचं आहे, पण आरोळी तिच्याच गळ्यातून वर येते. गोफण तिच्या हातात आहे, अंग तापानं फणफणलं आहे आणि ती चिखलात पडली आहे.

मागून एक हात येतो आणि तिच्या तोंडावर बसतो.

रांगडा हात आहे, तंबाखूचा वास येणारा. गाल दातांवर दाबले जातात. "गप, केरबा," कुणीतरी तिच्या कानात म्हणतं. "गप रं माज्या राजा. जाऊ दे त्येंना." हात सुटत नाही. हेच ते, हौसा मनात म्हणते, असंच मारलं यानं. आणि ती श्वास बंद व्हायची वाट बघत पडून राहते. शेजारचं गवत वाकतं, एक बूट जातो, दुसरा जातो.

ती जागी होते तेव्हा तोंड दुखतं आहे आणि जिभेला रक्ताची खारट चव आहे. चुलीपुढचं सारवण कोरडं ठणठणीत. ती कोनाड्यातला आरसा घेते. डाव्या गालावर चार बोटं उमटली आहेत, उजव्यावर अंगठा. झोपेत आपलाच हात पडला असेल, फौजदारीण स्वतःलाही सोडत नाही. ती आपला पंजा त्या वळांवर ठेवून बघते. तिची बोटं निम्म्यातच संपतात.

बाहेर ओट्यावर बोलणं चालू आहे. शिदू उत्तर ऐकायला आला आहे आणि सासू त्याला पाणी देते आहे. हौसा कडी काढते आणि पदर न ओढता तशीच दारात उभी राहते.

शिदू वर बघतो. त्याची नजर तिच्या गालावर जाते आणि तिथंच राहते. हातातला तांब्या तो खाली टेकवतो.

"नाक मोकळं ठिवलंवतं मी, वैनी," तो म्हणतो. तिनं अजून काहीही विचारलेलं नाही. "केरबाची शप्पत. निस्तं तोंड धरलंवतं. जपानी म्होरं गेल्यावर हात काडला, तर ह्यो... ताप लई व्हता, वैनी. का माज्या हातानं झालं, मलाबी ठावं न्हाई."

"कसलं नाक? काय बोलतुयास?" सासू विचारते, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

हौसा उंबऱ्यावर उभी आहे. तंबाखूचा वास आला होता. नाक दाबलेलं असतं तर वास कसा आला असता? ती चौकट धरते आणि बाजूला सरून त्याला वाट देते.

"आत या, भावजी," ती म्हणते. "समदं सांगा. मग मी माजं सांगते."