न धुतलेला गॅस

खरं सांगते, मी तिच्यावर जळत होते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. ठाण्याच्या कॉलेजात आम्ही दोघीच सरांच्या हाताखाली एम.एस्सी. करत होतो, आणि पुढे पीएच.डी.साठी शिष्यवृत्तीची जागा होती एकच. मी नौपाड्यातली, वर्गात पहिली. ती खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, वर्गात पाचवी-सहावी. पण सरांच्या तोंडी सदानकदा तिचंच नाव.

त्याला कारण होतं. तिच्या आईने खाडीत बांबूच्या चौकटीला दोर सोडून कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवायला घेतली होती. खाडीत शहराचं सांडपाणी येतं, त्यातला नायट्रोजन पाणी बिघडवतो. चिखलातले जीवाणू त्याचा वायू करून हवेत सोडून देतात. कालवं पाणी गाळतात, त्यांची घाण खालच्या चिखलात पडते. त्याने जीवाणूंचं काम वाढतं का, हा सरांचा प्रश्न. कालवांखालचा चिखल सरांनी तिला दिला आणि कालवं नसलेल्या जागेचा रिकामा चिखल मला. कसला राग आला होता मला.

चिखल आणायला जायचो तेव्हा होडी तिची आईच वल्हवायची. परत आल्यावर चुलीवर कालवं भाजायची. त्यांच्यात पहिलं उघडलेलं कालव पाहुण्याच्या तळहातावर ठेवायची रीत. "घे गो, पयलं तुला," म्हणायची. मी खायचे आणि मनात म्हणायचे, हिला आईसुद्धा अशी मिळावी? माझ्या आईने मार्कांशिवाय कधी काही विचारलं नाही.

बाटलीत चिखल भरून त्यात ॲसिटिलीन सोडायचा. त्याने जीवाणूंचं काम शेवटच्या पायरीआधी अडतं, आणि जो वायू साठतो तो मोजता येतो. वागळे इस्टेटमधल्या वेल्डिंगवाल्याकडून तो गॅस मी फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरून आणायचे. त्यात ॲसिटोन असतं, म्हणून गॅस आधी आम्लातून आणि मग पाण्यातून धुवून घ्यायचा. हे मी एका जुन्या जर्नलात वाचलेलं, तिने नाही. मी माझा गॅस धुतला. तिचा ब्लॅडर तसाच तिच्या हातात दिला. वाटलं, ॲसिटोनने तिचे जीवाणू मरतील, आकडे आपटतील.

झालं उलटंच. त्या मेल्या जीवाणूंनी ते ॲसिटोन चापून खाल्लं, जोमाने कामाला लागले आणि तिचे आकडे माझ्या दुप्पट झाले. सर खूश. जागा तिचीच, असं लॅबमध्ये सगळे बोलायला लागले. माझा नुसता तिळपापड झाला, आणि बोलायची सोय नाही.

चैन पडेना ती तिलाच. "एवढा फरक कसा गं?" मलाच विचारायची. एक दिवस तिने तिच्या गॅसने माझा रिकामा चिखल तपासला. त्याचेही आकडे तसेच फुगलेले. ती मला ओढत सरांकडे घेऊन गेली. "सर, हे कालवांचं काम नाही. गॅसमध्येच काहीतरी आहे."

सरांनी मला विचारलं, "तू गॅस धुतेस?"

"हो सर."

"मग हिला सांगितलं नाहीस?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "सांगितलेलं सर. मीच कंटाळा केला."

सर तिला नको नको ते बोलले. जागा मला मिळाली. ती वर्तकनगरच्या एका शाळेत शिकवायला लागली.

सर तिला बोलले त्याच दिवशी जिन्यात मी तिला विचारलं, खोटं का बोललीस? तिने आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"तू मुद्दाम सांगितलं नाहीस हे आईच्या कानावर गेलं असतं, तर तिने तुला पुन्हा होडीत घेतलं नसतं. मग चिखल कुठून आणणार होतीस?"

पुढे धुतलेल्या गॅसने मोजलं, तर कालवांखालचे आकडे थोडेसेच जास्त निघाले. त्यावर मला पीएच.डी. मिळाली. तेवढी वर्षं मी त्या होडीत बसले, आणि दर खेपेला तिच्या आईने पहिलं कालव माझ्याच तळहातावर ठेवलं.