सहदेवानं न मानलेला कौल

सहदेव आमच्या वरच्या वाडीचा. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या काखेत ती वाडी. मुंबईच्या गोदीत हमाली करताना त्याची छाती धरली, मिशनच्या दवाखान्यात महिनोन्महिने पडून राहिला आणि उठला तो ख्रिस्ती होऊनच. गावी आला तर कुणी वाळीत टाकला नाय. पंगतीत मात्र पान लांब पडायचं. त्याचं त्याला काय वाटत नव्हतं. पण नशीब, योग असले शब्द कुणी काढले की भडकायचा. म्हणायचा, वरच्या बापाच्या मर्जीबिगर झाडाचं पान हलत नाय, चिमणी मरून पडत नाय.

साठ सालाच्या पुढंमागं एका श्रावणात वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली. वाडी सोडायची का, म्हणून कुशाबा गुरवानं गावदेवी जननीला कौल लावला. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर हो, डावी गळली तर नाय. उजवी गळली. लोकांनी ढोरं सोडली, भांडी डोक्यावर घेतली आणि खालच्या माळावर गेले.

सहदेव हलला नाय. ओली पाकळी कधीतरी गळणारच, तिच्यापायी घर सोडायचं होय, म्हणून हसला. भेग त्यानंही पाहिली होती. पण आता निघालं तर जननीचं ऐकल्यासारखं झालं असतं.

त्याची बायको मैना बोचकं बांधून उंबऱ्यात उभी. नवऱ्यापायी तिनं देव बदललेला, पण कानावर पडलेलं सगळं ध्यानात ठेवायची. म्हणाली, "अवो, तुमच्या बापाबिगर पान हलत नाय, मंग ती पाकळी कुनी पाडली?"

सहदेव म्हशीच्या दावणीकडं वळला. "गप ऱ्हा गो," एवढंच म्हणाला. तिनं बोचक्याची गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हशीला घेऊन ओढ्यापार गेला आणि त्याच्या पाठीमागं डोंगर वाडीवर उतरला.

माळावरची माणसं कुदळी घेऊन धावली. मैना चुलीपाशी सापडली. त्यांच्या धर्मात पुरतात. मातीतून काढली ती परत मातीतच घालायची. बायका तोंडाला पदर लावून हेच बोलत होत्या. निरोप गेल्यावर महाडहून पाळक आले, प्रार्थना केली, प्रभूची इच्छा म्हणाले. सहदेवानं मान हलवली. ते त्याला मान्यच होतं.

पाळक गेल्यावर कुशाबा जवळ येऊन बसला. त्याच्या परीनं समजूत काढायला म्हणाला, "योगच तसा व्हता रे. मनाला लावून घेऊ नको."

"योग म्हनू नको, कुशाबा," सहदेव म्हणाला. "पाकळी वरच्या बापानंच पाडली व्हती. मैनेला कळलं, मलाबी कळलं व्हतं. योग म्हटलं की मी सुटतो."

मैनेचा खड्डा अजून पुरता भरला नव्हता. कुशाबानं फावडं घेतलं आणि माती लोटायला लागला.