एनिस ते ॲथलोन, व्हाया प्रकरण आठ

काउंटी, म्हणजे आयर्लंडमधला जिल्हा, ओलांडायची परवानगी मिळाली, ही बातमी २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी सण असल्यासारखी साजरी झाली. त्याआधी कित्येक महिने कोरोनाच्या निर्बंधांमुळे आमची धाव पाच किलोमीटरपर्यंतच होती. एनिसमधली निम्मी कुत्री मी नावानिशी ओळखू लागले होते. त्यामुळे माझ्या नवऱ्याने, अमोलने, ॲथलोनला एका रात्रीसाठी बी अँड बी, म्हणजे नाश्त्यासकट राहायची खोली, बुक केलं तेव्हा तिथे बघण्यासारखं काय आहे हे मी विचारलंसुद्धा नाही. ते दुसऱ्या काउंटीत होतं, मला तेवढं पुरे होतं.

खरं कारण मात्र माझ्या सासूबाई. २०२० च्या फेब्रुवारीत त्या अमरावतीहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि सोळा महिने अडकल्या. आता पुढच्या आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं आणि आयर्लंड म्हणून त्यांनी काय पाहिलं होतं, तर आमचं किचन, सुपरमार्केट आणि शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन. पण त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. डायनिंग टेबलावर ठाण मांडून त्यांनी चक्क कादंबरी लिहिली. वय अडुसष्ट, कादंबरी पहिलीच. आम्हाला एक ओळ वाचू दिली नाही. पानांचे फोटो काढायच्या आणि परस्पर नागपूरच्या एका छोट्या प्रकाशकाला पाठवायच्या. प्रकाशकांनी ती छापायची ठरवली, फक्त एक अट घातली: प्रकरणांना नुसते आकडे चालणार नाहीत, चांगली शीर्षकं हवीत, सोमवारपर्यंत.

"आकडे काहून वाईट?" सासूबाई चिडल्या. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झालेली. "आमी तं अख्खं गाव नंबरावरून ओयखत होतो."

मी त्यांना बारा-पंधरा शीर्षकं सुचवली, तीही न वाचलेल्या कादंबरीसाठी. सगळी नापास. शेवटी गुरुवारी त्या म्हणाल्या, "जाऊ दे बाप्पा. वापसच मांगून घ्यावं म्हन्लं." त्या हे चिडून म्हणाल्या असत्या तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या शांत होत्या, आणि मला भीती वाटली. मी म्हटलं, "आई, मला वाचू तरी द्या. जाता जाता नावं काढू." त्यांनी मान डोलावली.

शुक्रवारी मी तो गठ्ठा घेऊन गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. नऊ प्रकरणं, प्रत्येक वेगळं पिन केलेलं, वर गोलात आकडा. कॉपी काढून स्पायरल करून द्या, म्हटलं. संध्याकाळी दुकानातल्या बाईने प्लास्टिकच्या पडद्याआडून पार्सल सरकवलं. "गठ्ठा माझ्या हातून खाली पडला गं, सगळं विखुरलं. पण इट्स ग्रँड, आकडे होते ना वर! मी परत नीट क्रमाने लावलंय." मी तिचे आभार मानले, पैसे दिले आणि उघडूनही न बघता घरी आले. मूळ कागद प्रेसमध्ये ठेवले. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे सासूबाईंनी अजून मान्य केलेलं नाही.

शनिवारी सकाळी निघालो. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते: मोटरवेने दीड तासात पोचाल, पण वेळ असेल तर आर ३५२ घ्या. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करणार. आपणही उचलायचं. सासूबाई पहिल्या दोघांना नमस्कार करत होत्या, मग त्यांनाही ते बोट जमलं. पहिलं मोठं गाव लागतं टुला. पाटी वाचून त्या म्हणाल्या, "तुला! आन मले?" अमोलला हसता हसता गाडी बाजूला घ्यावी लागली.

इथल्या प्रत्येक पाटीवर गावाची दोन नावं असतात, वर आयरिश, खाली इंग्रजी. वरच्या नावाला अर्थ असतो, खालचं म्हणजे नुसता त्याचा उच्चार, तोही कसाबसा. आणि खेड्यातल्या घरांना नंबरच नाहीत. पोस्टमनला माणसं माहीत असतात. मी संधी साधून म्हटलं, "बघा आई, नावावर चालतंय सगळं." त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "मंग मोटरवेले नंबर काहून देल्ला?" 

माउंटशॅननला धक्क्याजवळ लाकडी बाकं आहेत, पार्किंग फुकट, स्वच्छतागृह उघडं होतं (त्या उन्हाळ्यात ही फार मोठी गोष्ट होती). समोर लॉक डर्ग सरोवराचं पाणी, मध्ये बेटावर एक जुना गोल मनोरा. धपाटे आणि दही काढलं. मी स्पायरलचं पहिलं पान उलटलं आणि थांबले.

"आई, हे तर आठवं प्रकरण आहे."

त्यानंतर दोन होतं. मग तीन, पाच, सहा, सात, नऊ, चार. आणि सगळ्यात शेवटी एक.

"कोनं केलं हे?" सासूबाईंचा आवाज चढला. शेजारच्या बाकावरचं कुटुंब वळून बघू लागलं.

कोडं अमोलने सोडवलं, धपाट्याचा तुकडा हातात धरून. तो म्हणाला, "त्या बाईला मराठी आकडे कुठे येतात? आपला एक बघ. तो तिला नऊ दिसला." खरंच की. आपला चार म्हणजे तिचा आठ. आपला पाच तिला चारसारखा, सात म्हणजे उलटा सहा. सासूबाईंचा आठ तर एक तिरकी रेघच असते, तो झाला तिचा एक. आपला सहा आणि आपला नऊ तिला कशातच बसवता आले नसणार, म्हणून उरलेल्या जागांवर लावून टाकले. किती मनापासून लावलं असेल तिने! मला तिचा राग येईना. सासूबाईंना आधी आला, मग त्याही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "ठेव ते बाजूले." पण मी तोवर आठव्याच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या आणि ते बाजूला ठेवणं मला शक्य नव्हतं.

म्हणून मी वाचलं, तिथेच, मोठ्याने. एक्स्चेंजचा शेवटचा दिवस. ऑटोमॅटिक मशीन आलंय, जुने बोर्ड उचलून नेतायत. दोन मैत्रिणींपैकी एकीलाच गावात ठेवणार, दुसरीची बदली लांब धारणीला. जी राहिली तिने आतून शब्द टाकून घेतलेला. आणि दुसरी, कुमुद, आपला हेडफोन बोर्डावरून काढते, पिशवीत टाकते आणि एक शब्द न बोलता निघून जाते.

"काय सुरुवात आहे, आई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"सुरुवात नव्हे ते," त्या म्हणाल्या आणि डबा आवरायला लागल्या.

पोर्टुम्ना, बॅनहर, शॅननब्रिज करत क्लोनमॅकनॉइजला पोचलो. नदीकाठचा जुना मठ, मनोरे, उंच दगडी क्रूस. तिकीट आधी बुक करून जा. आम्ही गेलो तेव्हा आत मोजकीच माणसं सोडत होते. आत जुन्या थडग्यांवरच्या शिळा मांडल्या आहेत. प्रत्येकीवर एक नाव आणि त्या माणसासाठी प्रार्थना करा, इतकीच विनंती. सासूबाई एका शिळेपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या.

"तारीख नाही? काहीच नाही? नुसतं नाव?"

"हो."

"कुमुदचं नाव खरंच हाये," त्या म्हणाल्या. "कादंबरीत सगळं बदललं, तेवढं नाही बदललं. शब्द मीच टाकला होता तिच्या बदलीसाठी. पोरगं लहान होतं ना माझं." पोरगं, म्हणजे अमोल, लांबवर क्रूसाचा फोटो काढत होता. "किती वर्स झाले, बोलली नाही ती माझ्याशी. इकडून गेलो का जाऊन पाय धरीन म्हन्लं होतं. आठ प्रकरनं लिहून झाले, आन एप्रिलात फोन आला का कुमुद गेली म्हनून. मंग नववं लिहिलं." मास्क सारखा करत त्या म्हणाल्या, "त्या शेवटल्या प्रकरनाले नाव देनं म्हंजे दार लावून घेनं. मले नाही होत ते."

 एप्रिलच्या त्या दिवशी मी त्यांना चहा करून दिला होता आणि त्यांनी 'ओळखीची एक बाई गेली' इतकंच सांगितलं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली. मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी धरू दिला.

ॲथलोनचं बी अँड बी साधं, स्वच्छ. नाश्ता आधी सांगितला तर शाकाहारी मिळतो. दुपारभर मी मधली प्रकरणं वाचून काढली. संध्याकाळी नदीकाठी, किल्ल्यासमोरच्या बाकावर बसलो. हॉटेलात आत बसायला बंदीच होती, म्हणून कागदात गुंडाळलेले चिप्स, म्हणजे फ्रेंच फ्राइज, वर व्हिनेगर. इथे जूनमध्ये उजेड संपता संपत नाही. उरलेली तीन प्रकरणं मी मोठ्याने वाचली.

आधी नववं. ते अडीचच पानांचं आहे. एक फोन येतो, आणि आयुष्यभर इतरांचे फोन जोडून देणाऱ्या बाईला पलीकडचं ऐकू येईनासं होतं.  कादंबरी इथे संपायची, हे तेव्हा मला नीट कळलं. पण हातातल्या चोपडीत अजून पानं होती. पुढे चौथं: दोघी शाळेच्या मैदानावर मोपेड शिकतात आणि बाभळीत जाऊन पडतात. आणि मग पहिलं. नोकरीचा पहिला दिवस, घाबरलेली नवी मुलगी, हेडफोन उलटा घातलेला. ती शेजारच्या मुलीला विचारते, "इथं कोनी बसते का?" कुमुद खुर्चीवरची आपली पिशवी उचलते आणि म्हणते, "बस."

पान संपलं. पाण्यात बदकं होती, पुलावरून गाड्या जात होत्या. अमोल उगाच चिप्सच्या कागदाच्या घड्या घालत बसला होता.

"मी लिहिली तं कुमुद शेवटी मेली," सासूबाई हळूच म्हणाल्या. "त्या दुकानातल्या बाईनं तिले जित्ती ठेवली."

रविवारी परतताना मोटरवे घेतला, एम ६ आणि मग एम १८. मध्ये एक टोल आहे, सुटे जवळ ठेवा. बॅलिनास्लोच्या आसपास सासूबाईंनी एकदम फर्मान सोडलं, "मंजिरी, लिहून घे." मी फोन काढला.

"क्रम त्या बाईचा. आकडे माझे."

"म्हणजे कादंबरी आठपासून सुरू? लोकांना छपाईची चूक वाटेल."

"वाटू दे. नावं लिही. आठ: लाईन कट झाली. दोन: नंबर प्लीज. तीन: होल्ड करा."

मग माझ्या लक्षात आलं. बोर्डासमोर बसून त्या वर्षानुवर्षं जे बोलल्या, तीच शीर्षकं. दहा दिवस आम्ही बाहेर शोधत होतो आणि ती त्यांच्या तोंडात होती. नऊ: तीन मिनिटं झाली. ट्रंक कॉलवर ठरलेला वेळ संपला की ऑपरेटर मध्येच असं सांगायची, तो आवाज माझ्या आईलाही आठवतो. चार: जोडून देते.

"आणि एक?" मी विचारलं.

टोल गेला, गॉलवेचा फाटा गेला, गॉर्ट गेलं.  एनिसच्या पाट्या दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "बोला."

"काय बोलू?"

"अवं, नाव हाये ते. दोन्हीकडची लाईन लागली का आमी 'बोला' म्हनून आपली ऐकायची चावी बंद करत होतो. मंग त्याइचं ते बोलत."

मला रडू आलं. इतक्या वर्षांचा अबोला, आणि शेवटच्या पानावर फक्त एवढंच.

सोमवारी यादी गेली. प्रकाशकांचा लगेच फोन आला की आकडे उलटसुलट झालेत. सासूबाईंनी त्यांना मराठीत, मग हिंदीत आणि शेवटी ऑपरेटरच्या आवाजात सांगितलं की नाही झालेले. त्याच आठवड्यात त्या अमरावतीला परतल्या.

डिसेंबरात पुस्तक आलं. त्या सहलीचं काय उरलं म्हणाल तर ॲथलोनचा किल्ला मला फारसा आठवत नाही. माउंटशॅननचा तो बाक आठवतो, आणि ज्या बाईसोबत मी सोळा महिने एका छताखाली राहिले, तिची ओळख मला घरापासून दोन तासांवर झाली, हे आठवतं. पुढच्या खेपेला त्यांना कुठे न्यायचं ते अमोलने विचारलं, तर फोनवर उत्तर आलं, "तुलाले."

एक प्रत घेऊन मी झेरॉक्सच्या दुकानात गेले. हे तू बाइंड केलेलं पुस्तक, इतकंच सांगितलं. तिने हात पुसले, अनुक्रमणिका उघडली आणि अजिबात न कळणाऱ्या लिपीवरून बोट वरून खाली नेलं, पहिल्या तिरक्या रेघेपासून शेवटच्या ओळीतल्या आकड्यापर्यंत.

"एकापासून नऊपर्यंत," ती समाधानाने म्हणाली. "बरोबर लावलं होतं ना मी?"

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर."