टेकडीवरच्या वर्नाची काडतुसं

एल्डन कोम्ब्सनं वर्ना स्टिल्टनरकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते तिच्या हातांमुळे. सांधे सुजलेले, बोटं वाकडी. पण त्याच बोटांनी तिनं पावाच्या पिशवीतून एक जुनं रिव्हॉल्व्हर काढलं, उघडून रिकामं असल्याचं दाखवलं आणि नळी भिंतीकडे करून काउंटरवर ठेवलं. केंटकीच्या त्या डोंगरात त्याच्या दुकानात येणारे निम्मे पुरुषही एवढी शिस्त पाळत नसत.

"सासऱ्यांचं आहे, बत्तीस बोअरचं," ती म्हणाली. "याला काडतुसं दे. घरात घुसलेला माणूस थांबेल अशी."

"कुणी घुसलंय का, मिस वर्ना?"

"माझ्याकडे अजून नाही. खाली ओढ्याकाठी दोन घरं फोडलीत. तेव्हापासून रॉइसचं एकच, आई, सामान बांध आणि ओहायोला चल. त्यानं दिलेलं नवं पिस्तूल एकदाच उडवलं, तर मनगट आठवडाभर धरलं. रविवारी येतोय तो. हे कामाचं आहे असं त्याला पटलं नाही, तर माझा मुक्काम सुनेच्या पाहुण्यांच्या खोलीत."

एल्डननं सगळ्यात महागडा डबा काढला. हलकी गोळी, टोकाला खळगा. "आत गेली की फुलासारखी उमलते."

"मला काय लग्नाला न्यायचीयत?" असं म्हणत तिनं डबा घेतला.

रविवारी चर्चनंतर वर्ना, रॉइस आणि एल्डन तिच्या कोठारामागे जमले. मातीच्या उतारापुढे फळीवर पाण्यानं भरलेले दुधाचे प्लास्टिकचे कॅन एकामागे एक लावले, गोळी किती खोल जाते ते पाहायला तिथं सगळेच लावतात तसे. रॉइसनं पहिल्यावर वडिलांचा जुना कामाचा कोट टाकला. "जानेवारीत चोर बनियनवर येत नाही," तो म्हणाला.

वर्नाची पहिली गोळी खाली फळीत गेली. दुसरी जेमतेम दुसऱ्या कॅनपर्यंत जाऊन थांबली. रॉइसनं ती चिमटीत धरून दाखवली. खळग्यात कोटाचा कापूस गच्च बसला होता, उमलायचं नावच नाही. मग तो घराकडे बघू लागला, जणू बांधायचं सामान मोजत होता.

एल्डनचे कान तापले. नव्या, जोरकस हत्याराला लागतं ते त्यानं या म्हाताऱ्या हत्याराच्या गळ्यात मारलं होतं. या रिव्हॉल्व्हरची मक्षी, नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, जड गोळीच्या हिशेबानं बसवलेली; हलकी गोळी खालीच लागणार. तो ट्रककडे गेला आणि नेमबाजीच्या सरावाचा एक धुळकट डबा घेऊन आला. साधी शिशाची गोळी, टोक चपटं.

"ही उमलणार नाही, मिस वर्ना. पण सरळ खोल जाईल, आणि मक्षी जिथं तिथंच लागेल. धक्काही कमी."

"हे परवाच का नाही दिलंस रे?"

"स्वस्त आहे म्हणून," एल्डन खरं बोलून गेला. रॉइसला हसू फुटलं.

तिनं सावकाश चाप ओढला. मग पुन्हा. पुन्हा. सगळी भोकं कोटाच्या एका खिशात मावली. चौथ्या कॅनमधून पाण्याची धार रॉइसच्या चर्चच्या बुटांवर आली.

"मनगट, आई?"

"मनगटाला काय धाड भरलीय. भूक लागलीय मला. घेवडा आणि मक्याचा पाव करून ठेवलाय."

"रोज फोन करायचा."

"तू कर. मी उचलीन."

कुणावर गोळी झाडायची वेळ तिच्यावर आलेली नाही. कॅन मात्र अधूनमधून फुटतात. वर्ना अजून त्याच टेकडीवर राहते. गेल्या उन्हाळ्यात रॉइसनं येऊन छपराचे पत्रे बदलून दिले.