चेलोला पॉलिश

माझ्या नणंदेला एक्कावन्न पूर्ण झाली तरी सगळे तिला बेबीच म्हणतात. आमचे हे म्हणतात, मी म्हणते, माझ्या मुलांची ती बेबीआत्या, आणि कारखान्यात नव्याने लागलेला स्प्रेवालासुद्धा पहिल्याच दिवशी "बेबीताई, जरा पाणी द्या" म्हणून मोकळा झाला.

आमचा कारखाना फर्निचरला पॉलिश करण्याचा. लोक टेबलं, कपाटं, पलंग आणून टाकतात, आम्ही जुनं पॉलिश काढून नवं चढवतो. त्यात पेपर मारायचं काम बेबीचं. म्हणजे लाकूड हाताने घासायचं, आधी जाड पॉलिश पेपरने, मग बारीक, मग त्याहून बारीक. वरून फवारा मारून चकाकी आणली म्हणून शाबासकी स्प्रेवाल्याला, गिऱ्हाइकाशी गोड बोलायला हे, आणि दिवसभर धुळीत मान घालून घासायला बेबी. घासून घासून तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्यात. फोनला बोट लावलं तर फोन तिला ओळखत नाही. आमच्या घरात ह्यावर हसायची पद्धत आहे. मला त्यात हसण्यासारखं काय ते अजून कळलेलं नाही.

तिचं लग्न जमलं नाही, मग जमवायचं राहिलं, मग विषयच निघेनासा झाला. कोणाचं आजारपण असो, कोणाचं बाळंतपण असो, "बेबी आहे ना" म्हटलं की झालं. ह्यांचा बहिणीवर जीव आहे, नाही असं मी म्हणणार नाही. तिची चप्पल तुटायच्या आत नवी येते. फक्त ती कशी हवी हे तिला कोणी विचारत नाही.

मागच्या वर्षी एका संगीताच्या क्लासच्या खुर्च्या आमच्याकडे आल्या होत्या. परत पोचवताना दोन-तीन पायांना ओरखडे गेले, ते तिथेच भरून द्यायला बेबी गेली. तासाभराचं काम, पण बेबीबाई उगवल्या जेवणाच्या वेळेला. मी करवादलेच. तर ही हात धुताधुता म्हणते, "वहिनी, मी चेलो शिकणार आहे."

"ते आणि काय असतं?"

"व्हायोलिनचा थोरला भाऊ समज. खुर्चीत बसून गुडघ्यांत धरून वाजवतात. मी तिथल्या मॅडमना विचारलं, मोठ्या माणसांना शिकवता का? त्या म्हणाल्या, येईल त्याला शिकवते."

हे ताटावरून हसले. "बेबे, हा कसला म्हातारचळ गं!"

पण बेबी पुढच्या रविवारी गेली, आणि त्याच्याही पुढच्या. क्लासने तिला एक जुना चेलो वापरायला दिला. तो तिने कारखान्यामागच्या गोदामात प्लायवूडच्या आडोशाला ठेवला आणि काम सुटलं की तिथे जाऊन बसायला लागली.

सुरुवातीला जो आवाज निघाला त्याला संगीत म्हणायचं पाप मी करणार नाही. गंजलेलं शटर अर्ध्यात अडकावं, तसा आवाज. स्प्रेवाला बाहेरून ओरडायचा, "बेबीताई, तेल आणू का?" आणि सगळे खिदळायचे. तिची अडचण तिच्या हातातच होती. उजव्या हाताला सवय दाबून, भराभर, पुढेमागे घासायची. तारांवर फिरवायचा गजही ती तसाच ओढायची. मॅडम म्हणायच्या, "अहो, लाकूड नाही घासायचं, हात सैल सोडा." आणि डाव्या हाताच्या बोटांना तारेवरची जागा समजेना, म्हणून मॅडमनी चेलोच्या मानेवर खुणेसाठी बारीक पांढऱ्या पट्ट्या चिकटवून दिल्या. बाकीचे विद्यार्थी आठ-नऊ वर्षांचे. त्यांना महिन्यात जमलं ते हिला जमायला पाऊणएक वर्ष गेलं.

पण ती सोडेना. मी चहा घेऊन गोदामात जायची तेव्हा ती दातओठ खात बसलेली असायची. एकच सूर पन्नासदा चुकायचा आणि ती स्वतःलाच शिव्या घालायची, चांगल्या कचकचीत. बेबीला एवढा राग येतो हे मला तिथे समजलं. इतकी वर्षं तो कुठे ठेवला होता तिने, कोण जाणे. आणि मग एक दिवस गज या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेला. मी प्लायवूडला टेकून उभी होते, ती फळीच्या फळी माझ्या पाठीशी थरथरली. बेबीने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस?" म्हणाली. एवढी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम जवळ आला. तिला पानभराची एक सोपी धून एकटीने वाजवायची होती. तिने निळा ड्रेस शिवायला टाकला. लोकांसमोर बसून ती धून शेवटापर्यंत न्यायची, एवढंच तिला हवं होतं. आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

नेमकं त्याच सुमारास माझ्या लेकीला मूल झालं. मी आणि बेबी आठवडाभर तिकडे. परत आलो तर कारखान्याच्या मधोमध स्टुलावर काहीतरी चादरीखाली झाकून ठेवलेलं आणि सगळी माणसं भोवती उभी. ह्यांचा चेहरा नुसता फुललेला. "डोळे मीट बेबी," म्हणाले, आणि चादर ओढली.

चेलो आरशासारखा चमकत होता.

ह्यांनी त्याच्या तारा उतरवल्या होत्या, जुनं पॉलिश मशीनने पार लाकडापर्यंत खरवडलं होतं आणि वर लॅकरचे थरावर थर चढवले होते, डायनिंग टेबलाला चढवतात तसे, आणि तारा परत ताणून बसवल्या होत्या. मानेवरच्या पांढऱ्या पट्ट्या "डिंकाचे डाग" म्हणून थिनरने पुसून टाकल्या होत्या. "आणि आत कोणी गाढव काडी विसरलं होतं," हे कौतुकाने सांगत होते. "तारा काढल्या तशी खुळखुळायला लागली. तारेचा आकडा करून त्या भोकातून काढली बघ! आता स्टेजवर कशी राणीसारखी दिसशील."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बेबीने गज उचलला आणि एकदाच ओढला. रजईखालून कोणी बोलावं तसा आवाज आला.

ती काडी आतच हवी असते. पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये ती उभी असते म्हणून आवाज उठतो. हे मला नंतर समजलं, बेबीला तेव्हाच माहीत होतं.

"दादा," ती म्हणाली, "कोणाला विचारून केलंस?"

"विचारायचं काय त्यात? घरचीच तर वस्तू."

"घरची नाही. क्लासची आहे."

"मग त्यांनी माझे आभार मानावेत. असं काम बाहेर कोणी करून देईल का?"

काडी तोवर भुशाबरोबर जळून गेली होती. मी ह्यांना नको नको ते बोलले. हे उलट माझ्यावरच उखडले, "तुम्हा बायकांना चांगलं केलेलं बघवत नाही!" रात्री जेवले नाहीत. करणारे हे, आणि रुसणारेही हेच!

दुसऱ्या दिवशी मी बेबीबरोबर क्लासला गेले. मॅडमनी चेलो पाहिला आणि खाली बसल्या. काडी नवी बसवता येईल, म्हणाल्या, पण पुढची फळी घासून पातळ झाली आहे, पूर्वीचा आवाज येईल असं नाही. मग बेबीचा हात धरून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वाजवा."

"यंदाच," बेबी म्हणाली.

दुसरा मोकळा चेलो नव्हता. होता तो एक लहान मुलांचा, अर्ध्या मापाचा. मॅडम नको म्हणत होत्या, त्याच्यावर बोटांचं अंतर कमी असतं, मोठ्या माणसाचे सूर चुकतात, लोक हसतील. बेबीने तो उचलला आणि घरी आणला.

मधल्या दिवसांत ती कामावर येत होती, पण भावाशी चकार शब्द नाही. एकदा एका गिऱ्हाइकाच्या टेबलाला पेपर मारत होती, मारत होती, मारतच राहिली, आणि वरचा सागाचा पातळ पापुद्रा फाटून आतलं पांढरं लाकूड दिसायला लागलं. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. हे धावत आले. "अगं, लक्ष कुठंय तुझं? थांबून विचारायचं तरी!"

"विचारायचं काय त्यात," बेबी म्हणाली, "घरचंच तर टेबल."

कार्यक्रमाला आम्ही सगळे गेलो. हे इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत, मी शेजारी. एकेक मूल येऊन वाजवून गेलं. मग निळ्या ड्रेसमध्ये बेबी आली, तो खेळण्याएवढा चेलो घेऊन. गुडघे बाहेर आलेले, पाठीला पोक काढून बसावं लागलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तिने सुरू केलं. चौथ्या-पाचव्या सुराला बोट चुकलं. ती थांबली आणि पहिल्यापासून सुरू केलं. परत चुकलं, परत पहिल्यापासून. खोकले सुरू झाले, खुर्च्या करकरल्या. आणि आमचे हे उभे राहिले. हात जोडून, अगदी मायेने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बेबी, राहू दे गं. ये खाली. मी आहे ना."

बेबीने गज तारेवरून उचलला. मान वर केली.

"दादा, खाली बस."

आवाज मोठा नव्हता. हे हसले, इकडेतिकडे पाहिलं, म्हणाले, "अगं, तुझ्यासाठीच..."

"बस म्हणते ना!"

हे बसले. मी ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून असं मुकाट बसताना पाहिलं.

मग तिने वाजवलं. सूर चुकत होते, पण ती आता थांबत नव्हती. रागाने चेहरा लाल झालेला, घाम गळ्यावरून ओघळत होता आणि तो चिमुकला चेलो तिच्या हातात असा काही गुरगुरत होता की खोकणारे गप्प झाले. शेवटचा सूर बऱ्यापैकी बरोबर लागला. तिने वाकून नमस्कार केला नाही. उठली आणि चालू पडली.

बाहेर हे गाडीचं दार उघडून उभे होते. "चल, बस. झालं गेलं विसरून जा."

"मी मॅडमबरोबर जातेय," बेबी म्हणाली. "आणि उद्यापासून कारखान्यात येणार नाही."

हे घाबरलेच. खरोखर घाबरले, डोळ्यांत पाणी आलं. आणि तोंडातून काय निघावं? "मग पेपर कोण मारणार?"

बेबीने त्यांच्याकडे पाहिलं. मग ती मॅडमच्या मागे निघून गेली.

"बघितलंस?" हे मला म्हणाले. "मी काय वाईट केलं तिचं?"

मी गाडीत बसले नाही. चालत घरी आले.