गाठोडं बाहेर पडलंय

माझ्या नावावर नकार द्यायचा धंदा बंद करा.

मी जिती आहे. मला तोंड आहे. मला कुणी विचारलं का?

आता नमस्कार ग्रुपवरच्या सगळ्यांना.

संजूच्या बाबांना जाऊन आज वर्ष झालं. गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच शिवला. जेवणाच्या बाबतीत ते कधी ताटकळलेच नाय.

पाहुणे पांगले. मी भांडी आवरत होते. तिकडं माझा पोरगा संजू सुनेला हळूच सांगतोय, "आईला पडेगावातून हलवणं जमायचं नाय. बाबांच्या आठवणी आहेत इथं."

आणि सून म्हणती, "राहू द्या मग. मी नाही म्हणून कळवते."

वैशाली, आमची सून, नर्स आहे. प्रमोशन मिळालंय, इन्चार्ज सिस्टर. पण रत्नागिरीला. हो का नाय ते आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.

संजूचं काम लॅपटॉपवरचं, कुठंबी बसून होतंय. नातीला समुद्र बघायचाय. अडचण एकच.

मी!

व्हय रं संजू? तुझ्या बाबांच्या आठवणी तुला आहेत का? मग ही ऐक.

आम्ही तवा अजिंठ्याला राहायचो. ह्यांना वाळूजच्या कारखान्यात फिटरची नोकरी लागली. लोक पेढे वाटतात. हे तोंड पाडून ओट्यावर बसले. "म्हातारीला कसं न्यायचं? तिचा जन्म गेला इथं."

माझ्या सासूबाईंनी ऐकलं.

"बाळू, मी काय खुंटा आहे का तुझं दावं बांधायला? भीती तुला वाटती आन् नाव माझं?"

कामावर सोमवारी जायचं होतं. चांगला दिवस मात्र शुक्रवारचा. म्हणून सासूबाईंनी ह्यांचं प्रस्थान ठेवायला लावलं.

नव्या पोरांना माहीत नसंल. चांगल्या दिवशी माणसाला निघता येत नसलं तर त्याचं गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं. तांदूळ, सुपारी, हळकुंड, अंगावरचं एखादं कापड. मग माणूस निघाला असं धरतात. एकदा बाहेर पडलेलं गाठोडं परत घरात घ्यायचं नाय. त्याच्या मागं आपण जायचं.

समोर शिलाईवाले चाचा राहायचे. ह्यांनी आपल्या हातानं गाठोडं बांधलं, चाचांच्या घरी ठेवून आले.

सोमवारी सकाळी घरभर शोधाशोध. नवी पॅन्ट कुठंय? नोकरीसाठी मुद्दाम शिवलेली, घरात तेवढी एकच.

ती गाठोड्यात.

"आई, पटकन घेऊन येऊ का?"

"गाठोडं उंबऱ्याच्या आत यायचं नाय. तू जा तिकडं."

लुंगी सावरत माणूस गल्ली ओलांडून गेला. चाचांच्या घरात पॅन्ट चढवली. चाची दारातनं ओरडली, "क्या रे बाळू, नौकरी को जारा के निकाह को? इत्ता क्या शर्मारा!"

सगळी गल्ली हसली. ह्यांनी तिथनंच बस गाठली. बरं झालं. घरात परत आले असते तर पुन्हा ओट्यावर बसले असते.

मागनं आम्ही पडेगावला आलो. पत्र्याची एक खोली. अजिंठ्याबाहेर न पडलेल्या सासूबाई थोड्याच दिवसांत शहरातल्या औरंगपुऱ्यात रिक्षावाल्याला दम देत होत्या.

म्हाताऱ्या माणसांना पाय असतात रं. दुखतात, पण असतात.

तेव्हापासून घरात कुणी का-कू केली की हे विचारायचे, "गाठोडं बाहेर पडलं का आतच आहे?" संजू कॉलेजला निघाला तवा तेच. वैशालीला पहिल्या ड्यूटीला स्कूटरवर सोडलं तवाबी तेच. ती रडत होती, ते ऐकून हसली.

मागल्या साली ह्यांना दवाखान्यात न्यायला गाडी आली. दारात थांबून मला म्हणाले, "माझं गाठोडं पडलं बाहेर. आता मागं नको आणू."

मी म्हटलं, "बडबड नका करू. आधी स्वेटर घाला."

तेच शेवटचं बोलणं. स्वेटर घातला त्यांनी. कधी नाय ते ऐकलं माझं.

तर आज दुपारी मी माझं गाठोडं बांधलं आन् शेजारच्या शबानाकडं गेले.

"अम्मा, किधर को चल्ले?"

"रत्नागिरी."

"गाडी कब की है?"

"गाडीचं ठरायचंय. गाठोडं निघालं."

तिनं फ्रिजवर जागा केली. मग विचारती, "संजूभाई वापस मांगने को आए तो?"

"देऊ नको. मी आले तरी देऊ नको."

"पक्का? तुम्हारा भरोसा नै अम्मा."

काही जण म्हणतील, वर्षश्राद्धाच्या दिवशी कुठं प्रस्थान ठेवतात? मी ठेवते. त्या माणसाच्या दिवसापेक्षा चांगला दिवस मला कुणी पंचांगात दाखवावा.

आणि रत्नागिरीचं भ्या मला घालू नका. लई पाऊस म्हणं तिथं. इथं नळाची वाट बघण्यात जन्म गेला, पाण्याला मी कशाला भिऊ? मासे खातात म्हणं. खाऊ द्या. मी माझं पिठलं करीन, त्यांनाबी खायला घालीन.

घरी येऊन बघते तर फोनचा चार्जर गाठोड्यातच गेलेला. ह्यांची पॅन्ट, माझा चार्जर. घराण्याचं खूळ, दुसरं काय. गाठ सोडायची नाय, अन् शबानाचाच काय, घरातला कुणाचाबी चार्जर माझ्या फोनला बसत नाय. बॅटरी लाल झाली. म्हणून आवरतं घेते.

संजूचे बाबा, तुमच्या आठवणी पडेगावच्या भिंतीत नाय ठेवल्या मी. गाठोड्यात कापड म्हणून तुमचा स्वेटर घातलाय. तुम्ही पुढं गेलात तसं आम्हीबी निघतो. चला.

खाली फुलं न् जोडलेले हात टाकत बसू नका कुणी. संजू, तू तर एक अक्षर लिहायचं नाय.

उत्तर वैशालीनं द्यायचं. मला नाय, तिच्या साहेबांना. आत्ता. हो म्हणून.