गाठमामा

प्रयोगशाळेच्या प्राणीघरात तेवीस वर्षं उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे गाठमामा म्हणत. उंदराच्या कातडीखाली मोहरीएवढी गाठ धरली तरी मोजपट्टीआधी त्याच्या बोटांना कळे.

संशोधक बाईंचा प्रयोग असा : उंदराच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, निम्म्यांना डांबरातलं एक कॅन्सर करणारं रसायन द्यायचं, निम्म्या साध्याच ठेवायच्या. मग दोन्ही वेगवेगळ्या उंदरांना टोचायच्या. अपेक्षा अशी की रसायनवाल्या पेशी गाठी धरणार, साध्या धरणार नाहीत.

त्या सोमवारी साध्या पेशी टोचलेल्यांच्या पिंजऱ्यातला उंदीर उचलताना मामाचा हात थबकला. दुसरा उचलला, तिसरा उचलला. नऊ उंदरांना गाठी.

"मामा, पिंजरे धुताना तुम्ही अदलाबदल केलीत," बाई कडाडल्या.

"बाई, कानाला खुणेची भोकं आहेत. बघा की."

"ती पाडली कोणी? तुम्हीच ना?"

मामाला वरून पत्र आलं : शनिवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर घरी बसा.

"चुकलं म्हणून मोकळे व्हा हो," बायको म्हणाली. "या वयात कोण विचारणार तुम्हाला?"

"अगं, झोपेतसुद्धा मी पिंजऱ्यांचे नंबर बडबडतो, तूच सांगतेस ना?"

"हो. परवा मलाच सतरा नंबर म्हणालात."

हसू कुणालाच आलं नाही.

शुक्रवारी मामा बाईंच्या दारात जाऊन उभा राहिला. "माझ्यावर खापर फोडायचं ते फोडा. पण त्या साध्या पेशी एकदा भिंगाखाली घाला."

"त्यांना काय धाड भरलीय? रसायनाचा थेंब लागलेला नाही."

"शेवटच्या कधी बघितल्या होत्या?"

बाईंनी नोंदवही उघडली. तीन वर्षांपूर्वी. दर आठवड्याला या बशीतून त्या बशीत हलवल्या, पण तपासल्या फक्त रसायनवाल्या.

बाईंनी पेशींचे फोटो काढले, कात्रीने एकेक गुणसूत्र कापून कागदावर मांडलं. उंदराच्या पेशीत चाळीस हवीत. इथे एकाहत्तर भरली. दुसऱ्या फोटोत अडुसष्ट, त्यातली तीन लांबलचक, कुठल्याच जोडीत न बसणारी. बशीत वाढता वाढता साध्या पेशी आपल्याआपणच नासून गाठी धरणाऱ्या झाल्या होत्या.

"तुमची चूक नव्हती, मामा." बाई म्हणाल्या. तुलना करायला काहीच उरलं नव्हतं. तीन वर्षं पाण्यात.

"मग उंदरांचं काय?"

"सगळे संपवा."

"ज्यांना गाठ नाही, ते तरी..."

"त्यांचा आता उपयोग नाही. सगळे."

दिवस मावळेपर्यंत मामा एकेकाची मान मोडत होता.

"सुटलात ना?" बायकोने दारातच विचारलं.

"सुटलो. एकशेवीस मारले."

तिने ताट पुढे केलं. त्याने ते मागे सरकवलं.